सव्वासात मैलांची सेवा

मुकादमाने माझ्या हातात पहार दिली. "जेवणाआधी पाच स्लीपर बदलून झाले पाहिजेत," एवढंच म्हणाला आणि स्वतः फावडं घेऊन खडी उपसायला बसला. आम्ही सहाजण होतो. मी सोडून बाकी सगळे साठीच्या पुढचे. एकजण निवृत्त पोस्टमन, एकजण अजूनही मेंढ्या पाळणारा, एक बाई आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेल्या. मुकादम स्वतः पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होता. रुळांवर काम करण्याचे यातल्या कुणालाही पैसे मिळत नव्हते.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाउइन गावापासून चार-एक मैल आत, डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या त्या अरुंद वाटेवर बारीक पाऊस पडत होता. खालच्या कुरणात नुकती जन्मलेली कोकरं आयांच्या पोटाखाली शिरत होती. ईस्टरला गाड्या सुरू व्हायच्या होत्या, त्याआधी कुजलेले स्लीपर काढून नवे घालायचे होते.

या रेल्वेचं नाव टॅलिख्लिन. वेल्श भाषेतला तो जोड 'ल' आपल्या लिपीत मावत नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवून बाजूंनी वारा सोडायचा, म्हणजे तो जमतो. नावाचा अर्थ तळ्याचं टोक. लांबी सव्वासात मैल, दोन रुळांमधलं अंतर सव्वादोन फूट. म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा तीन इंच रुंद, आणि आमच्या बार्शी लाइटपेक्षा तीन इंच अरुंद. मी कुर्डुवाडीची. लहानपणी आमच्या घरामागून अडीच फुटी रुळावरून गाडी जायची, एकीकडे पंढरपूरला, दुसरीकडे बार्शीवरून लातूरला. आषाढीला तिच्या टपावरसुद्धा माणसं दिसायची. त्यामुळे अरुंद रूळ पाहिला की मला तो परका वाटत नाही.

बर्मिंगहॅममध्ये मी बावीस वर्षं राहते, एका इस्पितळाच्या औषध विभागात काम करते. टॅलिख्लिनला पहिल्यांदा गेले ती साधी प्रवासी म्हणून, मुलगा सहा वर्षांचा असताना. पुढे कळलं की ही रेल्वे वाचवण्याचं ठरलं ते मी राहते त्याच शहरात. ते वाचल्यापासून मनात होतं, की एकदा तिकीट काढून बसण्याऐवजी कामाला जायचं. मुलगा विद्यापीठात गेला आणि मी आठवड्याची रजा टाकली.

बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी मखन्थ्लेथला दुभंगते. अर्धी अ‍ॅबरिस्टविथला जाते, अर्धी किनाऱ्याने उत्तरेकडे. आपण उत्तरेकडच्या डब्यात बसायचं. मग डव्ही नदीची खाडी लागते, ओहोटीला तिची वाळू मैलभर उघडी पडते. गाडी इतकी पाण्याला लागून जाते की खिडकीतून खाली पाहिलं तर फक्त लाटा दिसतात. टाउइनला उतरून पाच मिनिटं चाललं की वार्फ स्टेशन. 'वार्फ' म्हणजे धक्का. इथे समुद्र नाही, पण डोंगरातून आलेला दगड इथे मोठ्या रेल्वेच्या वाघिणींत चढवला जायचा, म्हणून ते नाव.

तो दगड म्हणजे स्लेट. आपण ज्याला पाटीचा दगड म्हणतो तोच. अबर्गनॉल्विन गावाच्या वर ब्रिन एग्लुइस नावाची खाण होती. तिथली स्लेट घरांच्या छपरांसाठी जायची. आधी ती जनावरांच्या पाठीवरून खाली यायची. 1865 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने या रेल्वेला मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी दगडाबरोबर माणसंही बसू लागली. मात्र माणसं बसवायची तर सरकारी निरीक्षकाची परवानगी हवी. कॅप्टन हेन्री टायलर तपासणीला आले, तेव्हा एक मोठी चूक उघडी पडली. वाटेवरच्या पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यामध्ये पुरेशी जागाच नव्हती. दार उघडून कुणी बाहेर पडलं असतं तर चिरडलं गेलं असतं. पूल पाडून बांधण्याइतका पैसा नव्हता. मग पुलांखालचे रूळ एका बाजूला सरकवले आणि डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली. म्हणून आजही सगळे फलाट एकाच बाजूला आहेत, दारंही त्याच बाजूला. ईस्टरच्या शनिवारी मला फलाटावर दारं लावण्याचं काम मिळालं, तेव्हा एक आजोबा पलीकडच्या बाजूला दार शोधत होते. त्यांना ही गोष्ट सांगितली, तर ते गाडी सुटेपर्यंत ती ज्याला त्याला सांगत राहिले.

स्लीपर बदलण्याचं काम दिसतं सोपं. आधी स्लीपरच्या दोन्ही बाजूंची खडी उपसायची, तो मोकळा होईपर्यंत. मग रूळ धरून ठेवणारे स्क्रू काढायचे. पन्नास पावसाळ्यांत ते लाकडाशी एकजीव झालेले असतात. लांब दांड्याच्या पान्याला दोघांनी लोंबकळलं तरी कधी कधी हलत नाहीत. मग पहारेने रूळ केसभर उचलायचा आणि स्लीपर आडवा ओढून काढायचा. आमचा पहिला स्लीपर ओढताना मधोमध तुटला. आतून तो काळ्या, ओल्या भुशासारखा झाला होता आणि त्यात गोम राहत होती. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला हातमोज्यावर घेतलं आणि शेजारच्या दगडी भिंतीच्या फटीत नेऊन सोडलं.

नवा स्लीपर आत सरकवणं हे अर्धंच काम. खरं काम त्याच्याखाली खडी ठासण्याचं. ती चारही बाजूंनी सारखी बसली नाही, तर गाडी गेल्यावर स्लीपर झुलतो, रूळ वाकतो, आणि महिन्याभरात शेजारचे दोन स्लीपरही सैल होतात. मुकादम गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ रुळाला लावून, एक डोळा मिटून लांबवर बघायचा. "डावीकडे अजून दोन फावडी." आम्ही ठासायचो. तो पुन्हा बघायचा. या बघण्याला कुठलं यंत्र नव्हतं. त्याने ते कुणाकडून शिकलं, असं मी विचारलं. म्हणाला, त्याला शिकवणाऱ्याने एडवर्ड थॉमसच्या काळातले रूळ पाहिले होते.

एडवर्ड थॉमस हे नाव इथे आदराने घेतलं जातं. सर हेन्री हेडन जोन्स हे इथले लिबरल पक्षाचे खासदार. त्यांनी 1911 मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. थॉमस त्यांचे व्यवस्थापक. 1946 च्या डिसेंबरात खाणीचा एक भाग कोसळला आणि खाण बंद झाली. ज्या दगडासाठी ही रेल्वे जन्मली, तो दगडच संपला. पण हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. तोटा सोसून त्यांनी ती चालवली. 1950 च्या जुलैत ते गेले. ब्रिटनच्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या त्या यादीत ही इवलीशी रेल्वे नव्हतीच, त्यामुळे सरकारही वाली नव्हतं. दोन इंजिनं होती: 1864 चं टॅलिख्लिन आणि 1866 चं डॉल्गोख. त्यांतलं एकच, डॉल्गोख, चालण्याच्या अवस्थेत होतं. रूळ गवतात बुडाले होते. ते जागेवर राहिले यात गवताच्या मुळांचाही वाटा होता, असं जुने लोक सांगतात.

टॉम रोल्ट हे लेखक, कालवे आणि यंत्रं यांवर लिहिणारे. त्यांनी बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि 11 ऑक्टोबर 1950 रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात सभा भरली. हेडन जोन्स यांच्या पत्नीने शेअर्स तिथे जमलेल्या मंडळींकडे सोपवायला मान्यता दिली. 14 मे 1951 ला स्वयंसेवकांच्या हातची पहिली गाडी निघाली. पल्ला छोटा, वार्फपासून ऱ्हिदरॉनेनपर्यंत. पण त्याआधी जगात कुठेही एखादी रेल्वे हौशी माणसांनी आपल्या बळावर ताब्यात घेऊन प्रवासी गाड्यांसह चालवली नव्हती. त्यानंतर ब्रिटनमध्ये जिथे वाफेच्या गाड्या अशा वाचल्या, तिथल्या बऱ्याच लोकांनी आधी इथे येऊन पाहिलं.

त्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट मुकादमाने चहाच्या सुट्टीत सांगितली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शेजारच्या कॉरिस नावाच्या बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिनं सरकारकडून प्रत्येकी पंचवीस पौंडांना मिळाली. रुळाची रुंदी तीच, सव्वादोन फूट. सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्यातलं पहिलं, ज्याला पुढे सर हेडन नाव दिलं, ते रुळांवर आणलं तर चाकं रुळांच्या मधे उतरायला लागली. कारण असं, की डॉल्गोख इंजिनाची चाकं एकमेकांपासून बरीच लांब, वळणावर ती अडकायची. म्हणून पूर्वीच्या लोकांनी रूळ मुद्दामच किंचित रुंद टाकले होते. हे कागदावर कुठे नव्हतं. ते फक्त काम करणाऱ्यांच्या हातांना माहीत होतं.

मला वाटतं, इथे वाचवलं गेलं ते हेच. टॅलिख्लिन आणि डॉल्गोख या दोन्ही इंजिनांचे किती भाग दीडशे वर्षांत बदलले गेले असतील! बॉयलर बदलले, टाक्या बदलल्या. स्लीपर तर आम्हीच बदलत होतो. लोखंड-लाकडाच्या हिशेबाने पाहिलं तर जुनं फार थोडं उरतं. खडी किती ठासायची, वळणावर रूळ किती सोडायचा, बॉयलर किती सावकाश तापवायचा, हे मात्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं आणि मधे कधी तुटलं नाही. कुर्डुवाडीची लाइन मोठी झाली, ब्रॉडगेज झाली, आणि ते योग्यच झालं. बार्शी-लातूरच्या माणसाला मुंबईची गाडी दारात हवी होती. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण त्या जुन्या लाइनचा एखादा मैल चालता राहिला असता, तर आमच्या गावच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या माणसांना जे येत होतं ते आज कुणाला तरी येत असतं. काचेच्या कपाटात ठेवलेल्या कंदिलाकडून ते शिकता येत नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती अजून कुर्डुवाडीलाच असते.

"तिथं रेल्वेत नोकरी धरलीस काय गं?"

"नोकरी नाही आई. पैसे नाहीत."

"मग जेवायला घालतात का तरी?"

"स्वयंपाक आमचा आम्हीच करतो. आज पिठलं केलं मी सगळ्यांना."

"मग सेवाच की," आई म्हणाली, आणि पिठल्याला लसूण घातला होता का, ते विचारायला लागली.

स्वयंसेवकांच्या मुक्कामाच्या घरात लांब टेबल आहे. मेंढ्यावाल्या काकांनी तीनदा पिठलं घेतलं. तिथे बसल्यावर कळतं की ही रेल्वे किती प्रकारच्या कामांवर उभी आहे. एकजण फक्त तिकिटं छापतो आणि हिशेब ठेवतो. एकजण स्टेशनांवरची फुलझाडं. दोघी चहाच्या दुकानात केक करतात. पगारी माणसं थोडीच, बाकी सगळे येणारे-जाणारे. काहीजण तीस-चाळीस वर्षं आपली सुट्टी इथेच घालवतात. एका आजींनी सांगितलं, त्या लग्नाआधी इथे रूळ साफ करायला यायच्या, नवरा इथेच भेटला, आणि आता नातू सिग्नलचं काम शिकतोय.

गुरुवारी मला पेंद्रे स्टेशनच्या इंजिन शेडमध्ये पाठवलं. हंगामाआधी एक इंजिन पेटवून तपासायचं होतं. पहाटे साडेपाचला पोचले तर एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याआधी तिथे होती, विजेरी घेऊन बॉयलरच्या पाणीकाचेत बघत होती. ती फायरमन होण्याच्या परीक्षेची तयारी करत होती. इथला क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन पुसणारा, मग फायरमन, मग ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला परीक्षा, आणि मधे वर्षं जातात. पुसण्याला कुणी कमी लेखत नाही, कारण पुसता पुसताच माणूस इंजिन ओळखायला शिकतो. सैल झालेला बोल्ट, बारीक तडा, जिथे नको तिथे आलेलं तेल, हे चिंधी फिरवणाऱ्याला आधी दिसतं.

तिने मला पेटवायचं कसं ते दाखवलं. काडी ओढण्याआधी पाणी किती आहे ते पाहायचं. पाण्याशिवाय जाळ म्हणजे बॉयलरचा घात. आदल्या दिवशीची राख काढायची, पुढच्या धूरपेटीतली काजळी उपसायची. जाळीवर कोळशाचा पातळ थर, वर लाकडं, मग रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी फावड्यावर पेटवून आत सारायची. आणि मग थांबायचं. घाई केली तर लोखंड आणि तांबं वेगवेगळ्या वेगाने फुगतं आणि सांधे कुरकुरतात. तासभर काहीच होत नाही. नंतर कुठेतरी आत बारीक टकटक सुरू होते, ओलसर लोखंडाचा वास बदलतो, हात लावला तर कोमट लागतं. साडेआठच्या सुमारास दाबाचा काटा पहिल्यांदा हलला, तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त मला खुणेने दाखवला. तोवर मी शेजारी उभ्या असलेल्या डॉल्गोखची पितळी नावपाटी पुसत होते. गडद हिरव्या रंगावर पिवळी रेघ, आणि पाटीवरच्या अक्षरांच्या खाचांत गेलेलं काळं तेल काडीने काढावं लागतं. 1951 चा सगळा हंगाम या इंजिनाने ओढला होता, हे पुसताना सारखं मनात येत होतं.

कोळशाचीही चिंता आहे. दक्षिण वेल्समधल्या फॉस-अ-व्रान खाणीच्या कोळशावर ब्रिटनमधल्या कित्येक वाफेच्या गाड्या चालत. ती खाण 2023 च्या नोव्हेंबरात बंद झाली. आता कोळसा समुद्रापलीकडून येतो, किंवा चुरा दाबून केलेल्या गोळ्यांवर भागवावं लागतं. प्रत्येक कोळसा वेगळा जळतो. हाताला नवी सवय लावावी लागते. ती मुलगी हेच शिकत होती: कुठला कोळसा किती पातळ पसरायचा.

शनिवारी पाहुणे आले. वार्फवर सकाळपासून मुलांचा कल्लोळ. मुलं या इंजिनांना त्यांच्या खऱ्या नावांनी फारशी ओळखत नाहीत. रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री, थॉमस नावाच्या निळ्या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे, 1952 मध्ये इथे गार्ड म्हणून सेवेला आले होते. त्यांनी या रेल्वेवरून एक काल्पनिक रेल्वे रचली. तिथे टॅलिख्लिनचं झालं स्कार्लोई आणि डॉल्गोखचं ऱ्हेनिअस. एकदा गार्ड असताना त्यांनी चहापाण्याच्या बाई गाडीत चढायच्या आतच हिरवा झेंडा दाखवला. त्या फलाटावरच राहिल्या. तो प्रसंगही पुढे गोष्टीत आला. वार्फवरच्या अरुंद-रूळ संग्रहालयात ऑड्री यांची अभ्यासिका जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. तिथे मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. मला त्याच दालनात डब्लिनच्या गिनेस कारखान्यातलं बुटकं इंजिन जास्त आवडलं.

दुपारी माझी पाळी संपली, आणि गार्डने मला शेवटपर्यंत चक्कर मारायला सांगितलं. सगळ्यांत शेवटचा गार्डचा डबा 1866 च्या काळातला आहे, त्याला तिकिटांची खिडकी आहे. मधल्या स्टेशनांवर तिकीटघर नसल्याने गार्डच खाली उतरणाऱ्या-चढणाऱ्यांना तिथून तिकिटं द्यायचा. मूळ डब्यांतले काही बर्मिंगहॅमच्या ब्राउन मार्शल्स कारखान्यात बनले. म्हणजे गाडीसुद्धा आमच्याच शहराची.

पेंद्रेला ड्रायव्हरच्या हातात टोकन आलं. एकेरी लाइनीवर हाच कायदा: त्या टप्प्याचं टोकन हातात असल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुर्डुवाडीला स्टेशनमास्तर वेताच्या रिंगेत गोळा अडकवून उंच धरायचे, ते आठवलं.

ब्रिनग्लासच्या पुढे चढ लागतो. डॉल्गोख याच नावाच्या घळीवर तीन कमानींचा विटांचा पूल आहे, पन्नासेक फूट उंच. खाली झाडांत धबधबे गर्जत असतात. पुलापलीकडे इंजिन पाणी पितं, तेवढ्यात लोक उतरून धबधब्यांकडे निघतात. तिथून पुढे अबर्गनॉल्विन, आणि मग 1976 मध्ये वाढवलेला शेवटचा तुकडा, नांट ग्वेर्नोलपर्यंत. तिथे डांबरी रस्ता नाही. रूळ संपतो आणि खाणीकडे चढणारी पायवाट सुरू होते, जिथून पूर्वी दगडाच्या वाघिणी दोरखंडाने उतरवत. ही खाण आणि ही रेल्वे 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. ऑगस्टमध्ये इथे माणसं या गाडीशी धावण्याची शर्यत लावतात, 1984 पासून. मुकादम एकदा धावलाय म्हणे.

परतीच्या वाटेवर डॉल्गोख स्टेशन सोडल्यावर मी खिडकीबाहेर मान काढून उभी राहिले. आमचे नऊ स्लीपर याच पट्ट्यात होते, मेंढरांच्या फाटकापासून दगडी भिंतीच्या वाकणापर्यंत. फाटक आलं. भिंत आली, जिच्यात ती गोम सोडली होती. गाडी त्याच लयीत, जराही न हिंदकळता पुढे गेली. खाली सगळीकडे सारखीच ओली खडी होती. त्यात आमचे कुठले, ते मला ओळखता आले नाहीत. मी गार्डला तसं सांगितलं, तर त्याने खिशातली वही काढून फाटकाजवळचा क्रमांक आणि तारीख दाखवली, आणि पुढच्या फलाटावर उतरायची तयारी करायला निघून गेला.